घर बदलताना हरवतो तो अडकित्ता

कोरीट येथील जुने घर बंद करून आमचे कुटुंब नंदुरबारला राहावयास आले, त्या दिवशी सोन्याचा एकही मणी हरवला नाही. कागदपत्रे, तांब्या-पितळेची भांडी, देव्हाऱ्यातील देव, सारे सुखरूप पोहोचले. हरवला तो आजीचा अडकित्ता. पितळी मुठीचा, पाते झिजलेला, बाजारात ज्याचे मोल कोणी शंभर रुपयेही केले नसते असा. दुसऱ्याच दिवशी नवा अडकित्ता आणला. आजीने तो हातात धरून पाहिला, एक सुपारी कातरली आणि न बोलता ठेवून दिला. त्यानंतर तिने सुपारी खाणेच सोडले.

घर बदलताना नेमक्या अशाच वस्तू का हरवतात? याचे पहिले कारण सामान बांधण्याच्या क्रमात आहे. मौल्यवान वस्तू आपण आधी वेगळ्या काढतो व स्वतःजवळ ठेवतो. क्वचित लागणाऱ्या वस्तू आठ दिवस आधीच खोक्यांत जातात. रोजच्या वापरातील वस्तू मात्र शेवटच्या क्षणापर्यंत लागत असतात. चष्म्याचे घर, पेन, अडकित्ता, चहाची गाळणी या गोष्टी कोणत्याच यादीत नसतात. टेम्पो दारात उभा राहिल्यावर त्या हाताला येईल त्या पिशवीत टाकल्या जातात.

दुसरे कारण आपल्या मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे. एखादी वस्तू कोठे ठेवली हे आठवण्यासाठी, ती ठेवताना तिकडे लक्ष असावे लागते. लक्ष नसेल तर त्या क्षणाची नोंदच नीट होत नाही. आणि जे नोंदलेच नाही ते कितीही ताण दिला तरी आठवणार कोठून? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर विसरायला होते, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रयोगांतून मांडले होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ मध्ये हे पुन्हा तपासले, तेव्हा केवळ उंबरठा ओलांडल्याने फारसा फरक पडत नसल्याचे त्यांना आढळले. मनावर त्याच वेळी दुसऱ्या कामाचे ओझे असताना मात्र विस्मरण वाढले. घर हलविण्याचा दिवस म्हणजे शंभर उंबरठे आणि शंभर ओझी!

आणखी एक गोष्ट आहे. रोजच्या वस्तूची जागा आपल्याला डोक्यात ठेवावी लागत नाही. ती घरानेच सांभाळलेली असते. अडकित्ता खिडकीच्या कट्ट्यावर असे, म्हणून हात आपोआप तिकडे जाई. नव्या घरात तो कट्टाच नसतो. म्हणजे वस्तूबरोबर तिचा पत्ताही नाहीसा होतो.

अशा वस्तूचे दुःख तिच्या किमतीने मोजता येत नाही. ग्राहक-वर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात असे मांडले की, माणसाच्या वस्तू हा त्याच्या 'स्व'चाच विस्तार असतो. घर सुटले, शेजार सुटला, अंगण सुटले. त्यात हाताला ओळखीची असलेली शेवटची गोष्टही गेली की माणूस खऱ्या अर्थाने परका होतो. ज्येष्ठांच्या बाबतीत हे अधिक जाणवते.

निदान आम्हांला जुन्या घरी परत जाऊन कोनाडे धुंडाळता आले. आमच्याच जिल्ह्यातील अनेकांना तेवढीही सोय उरली नाही. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. ज्यांची घरे नर्मदेच्या पाण्याखाली गेली, त्यांना मागे राहिलेली वस्तू शोधायला जायचे ठिकाणच राहिले नाही.

उपाय साधे आहेत. घरातील प्रत्येकाने आपली एक रोजची, जिवाभावाची वस्तू आधीच सांगावी. ती खोक्यात न घालता ज्याची त्याने अंगावर किंवा हातातील पिशवीत न्यावी. ठेवताना 'चष्मा निळ्या पिशवीत ठेवला' असे मोठ्याने म्हणावे. तेवढ्याने लक्ष तेथे राहते. शेवटच्या तासाच्या वस्तूंसाठी एकच उघडी बादली किंवा टोपली ठरवावी. नव्या घरात पहिल्याच दिवशी त्या वस्तूंना कायमची जागा द्यावी. आणि वस्तू सापडली नाही, तर माणसांकडे बोट दाखविण्याआधी शेवटच्या तासाभरात कोणी काय केले, ते क्रमाने आठवून पाहावे.

हा शेवटचा उपाय आम्ही उशिरा शिकलो. टेम्पोबरोबर सामान उचलायला एक मुलगा आला होता. 'त्यानेच नेला असेल', असे घरात दोन-तीनदा बोलले गेले. थंडी पडल्यावर माळ्यावरचे गाठोडे सोडले, तेव्हा गोधडीच्या घडीतून अडकित्ता खाली पडला. टेम्पोची वाट पाहत आजी खाटेवर सुपारी कातरत बसली होती. कोणीतरी हाक मारली, ती उठली आणि आमच्यापैकीच कोणीतरी ती गोधडी गुंडाळली.

आजीने अडकित्ता पदराने पुसला. मग विचारले, ''त्या पोराचं नाव काय होतं रे?'' आम्हांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते.