3.3 व्होल्टचा दाखला

विजेच्या गाड्यांतून उतरविलेले लिथियमचे जुने सेल सौरसंचासाठी विकत घेण्याचा परिपाठ आता आपल्याकडेही पडू लागला असल्यामुळे त्यातील काटकसरीचे माहात्म्य मी येथे वर्णीत बसत नाही. माझे कुतूहल अनेक वर्षे घोटाळत राहिले आहे ते ‘जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी’ या अमेरिकी नियतकालिकाच्या एप्रिल 1997 च्या अंकातील एका निबंधाभोवती.

निबंधावर ए. के. पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ अशी तीन नावे आहेत. पैकी तिसऱ्यास 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली दोन नावे मात्र, ज्याला बाजार नुसते ‘एलएफपी’ म्हणतो तो लिथियम-लोह-फॉस्फेटचा सेल दारी आणून बसविणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाच्या कानावर गेली असतील, आणि ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. निबंधाचा सूर विलक्षण संयत आहे. लोह-फॉस्फेटाच्या या पदार्थातील लिथियमपैकी जेमतेम सहा दशांश बाहेर काढता आले, असे प्रांजळपणे नमूद करून लेखकत्रयीने हे द्रव्य स्वस्त, निर्विष आणि अल्प शक्तीच्या कामास योग्य एवढीच शिफारस केली. कणांवर कार्बनचा लेप चढवून ही मर्यादा पुढे इतरांनी ओलांडली.

निबंध छापून येण्यापूर्वीच तंट्याचे बीज पडले होते. टेक्सास विद्यापीठातील गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोन कंपनीचा एक संशोधक पाहुणा म्हणून काम करीत असे. 1995 साली कंपनीने जपानात पेटंटसाठी अर्ज गुदरला, आणि आपले गुपित फोडले गेले अशी विद्यापीठाने फिर्याद लावली. कज्जा रेंगाळत अखेर 2008 साली 3 कोटी डॉलरवर तडजोड झाली. एवढा पैसा मोजला जावा असे त्या भुकटीत काय होते, याचे एक उत्तर निबंधातील आलेखात आहे: सेल रिकामा होत असता विद्युतदाबाची रेषा उतरत नाही, बहुतांश वाटेवर ती समतल राहते, कारण लिथियमयुक्त आणि लिथियमरहित अशी दोन रूपे आत एकत्र नांदतात आणि केवळ त्यांचे प्रमाण बदलत जाते.

नेमका हाच गुण जुना सेल पारखणाऱ्याच्या मुळावर येतो. भंगारवाला मल्टिमीटर टेकवून 3.3 व्होल्ट दाखवितो आणि गिऱ्हाईक समाधान पावते. वास्तविक मधल्या पट्ट्यात हा आकडा सेल किती भरला आहे हेदेखील धड सांगत नाही, मग त्याची धारणाशक्ती किती उरली आहे हे तो कोठून सांगणार? आंतररोध मोजणारे चार तारांचे उपकरण जवळ असल्यास खराब सेल चटकन वेगळा पडतो, परंतु चांगल्याचा दाखला त्यानेही मिळत नाही. खात्रीचा मार्ग एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. समजा, सेल मूळचा 280 अँपिअर-तासांचा आहे, तो 3.65 व्होल्टपर्यंत पूर्ण भरावा, थोडा वेळ स्वस्थ ठेवावा, मग 56 अँपिअरच्या स्थिर भारावर 2.5 व्होल्टपर्यंत उतरवावा. पाच तास तग धरला तर सेल नव्यासारखा. चार तासांत बसला तर 224, म्हणजे ऐंशी टक्के. फुगलेला सेल या परीक्षेस बसवूच नये. आपोआप गळती होते की काय हे पाहावयाचे तर सेल मध्यावर ठेवून उपयोग नाही, कारण ती समतल रेषा गळतीही झाकते. जेथे रेषा तीव्र उतरते त्या तळाशी, जवळजवळ रिकामा करून, काही आठवडे ठेवावा आणि सोबतच्या सेलांशी ताडून पाहावा.

अशा सोळा सेलांची साखळी 51.2 व्होल्टची होते, आणि त्यांतील एकच जरी 190 अँपिअर-तासांचा निघाला, तरी तो रिता होताच सेलांवर देखरेख ठेवणारी ‘बीएमएस’ यंत्रणा साऱ्या संचाचा पुरवठा तोडते. बाकीच्या पंधरांतील शिल्लक तशीच अडकून राहते. तेव्हा वीजमंडळाची तार न पोहोचलेल्या वस्तीवर संच बसविणाऱ्याने सौदा सोळांचा न करता विसांचा करावा, प्रत्येकाचा आकडा खडूने अंगावर लिहावा, आणि तपासणीस नकार देणाऱ्या विक्रेत्याशी भाव करण्यातदेखील वेळ दवडू नये.