व्हर्मॉन्ट : एका लहान राज्याचा भूगोल, इतिहास व ग्रामव्यवस्था

अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा पन्नास घटक राज्यांचा संघ आहे. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन इत्यादी विषय संघशासनाकडे असले, तरी शाळा, रस्ते, जमीनजुमल्यावरील कर व गावाचा कारभार हे विषय मुख्यतः राज्यांकडे आहेत. प्रत्येक राज्याने आपल्या प्रदेशाचे विभाग आपापल्या भूगोलास व इतिहासास अनुसरून पाडले. त्यामुळे ‘काउंटी म्हणजे जिल्हा’ व ‘टाउन म्हणजे शहर’ असे शब्दास शब्द ठेवून शिकविल्यास विद्यार्थ्यांच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. प्रस्तुत लेखात ईशान्येकडील व्हर्मॉन्ट या राज्याचे उदाहरण घेतले आहे. तेथे काउंटी दुबळी असून गाव बलवान आहे. आपली शाळा गावाने एकट्याने चालवावी, की सर्व राज्याने मिळून तिचा भार उचलावा, हा तेथील जुना प्रश्न आहे. तो आपणा शिक्षकांस परका वाटणार नाही.

१. भूमी व लोकजीवन

व्हर्मॉन्टचे क्षेत्रफळ सुमारे २४,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट आहे. लोकसंख्या मात्र २०२० च्या गणनेप्रमाणे अवघी ६,४३,०७७ होती. राज्याचा आकार उत्तरेस रुंद व दक्षिणेस निमुळता आहे. उत्तरेस कॅनडाचा क्वेबेक प्रांत, पूर्वेस कनेक्टिकट नदी व तिच्यापलीकडे न्यू हॅम्पशायर, दक्षिणेस मॅसॅच्युसेट्स आणि पश्चिमेस चॅम्पलेन सरोवर व न्यूयॉर्क राज्य अशा त्याच्या सीमा आहेत. न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा राज्यांपैकी समुद्रकिनारा नसलेले हे एकच राज्य होय.

राज्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी ग्रीन पर्वतांची रांग पसरली आहे. तिच्यातील मॅन्सफील्ड हे सर्वोच्च शिखर १,३३९ मीटर उंच आहे. फ्रेंच भाषेतील ‘हिरवा’ व ‘पर्वत’ या अर्थाच्या शब्दांवरून राज्यास हे नाव मिळाले. सपाट जमीन थोडी, हिवाळा दीर्घ व हिमाचा. त्यामुळे मोठाली शेते व मोठाली नगरे येथे वाढली नाहीत. नद्यांच्या अरुंद खोऱ्यांत लहान लहान वस्त्या वसल्या. एकोणिसाव्या शतकात येथील डोंगर उघडे करून मेंढ्या पाळण्यात आल्या व त्यांची संख्या माणसांच्या कितीतरी पट झाली. पुढे तो धंदा ओसरला, दुग्धव्यवसाय आला आणि सोडलेल्या कुरणांवर पुन्हा अरण्य माजले. आज राज्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. बॅरी येथील ग्रॅनाइट व मेपल वृक्षाच्या रसाचा पाक ही येथील प्रसिद्ध उत्पादने. रात्री गोठणारी व दिवसा वितळणारी थंडी पडू लागली, की मेपलच्या खोडास छिद्र पाडून रस काढतात. सुमारे ४० भाग रस आटविला, की एक भाग पाक मिळतो.

२. इतिहास

या भूमीचे मूळ रहिवासी आबेनाकी लोक होत. १६०९ मध्ये सॅम्युएल द चॅम्पलेन हा फ्रेंच प्रवासी येथील सरोवरापर्यंत आला व त्याचेच नाव सरोवरास मिळाले. इंग्रज वसाहतवाल्यांचा ओघ मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला.

१७४९ पासून न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने या प्रदेशातील जमिनी सनदा देऊन वाटण्यास प्रारंभ केला. बहुतेक सनदा सुमारे सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनाच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस किलोमीटरच्या होत्या. प्रत्येक चौकोनातील जमिनीचे वाटे पाडीत व त्यांतील एक वाटा शाळेसाठी राखून ठेवीत. सनदेचा हा चौकोन म्हणजेच ‘टाउन’. वस्ती होण्यापूर्वीच गावाची सीमा आखली गेली व त्या सीमेत शाळेची जमीनही धरली गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच प्रदेशावर न्यूयॉर्कचाही हक्क होता. १७६४ मध्ये इंग्लंडच्या राजाने न्यूयॉर्कच्या बाजूने निर्णय दिला. न्यूयॉर्कचे अधिकारी जुन्या सनदा मानीनात. तेव्हा वसलेल्या शेतकऱ्यांनी ईथन ॲलन याच्या नेतृत्वाखाली ‘ग्रीन माउंटन बॉइज’ नावाचे पथक उभारले. १७७५ मध्ये याच पथकाने इंग्रजांचा टिकॉन्डरोगा किल्ला घेण्यात पुढाकार घेतला. १७७७ मध्ये व्हर्मॉन्टने स्वतःस स्वतंत्र घोषित केले आणि विंडसर येथे आपली घटना संमत केली. त्या घटनेने प्रौढ व्यक्तींची गुलामगिरी निषिद्ध ठरविली, मालमत्ता नसलेल्या पुरुषांसही मताधिकार दिला आणि प्रत्येक टाउनमध्ये शाळा असावी असे कलम घातले. सुमारे चौदा वर्षे स्वतंत्र राहून, न्यूयॉर्कला ३०,००० डॉलर देऊन तंटा मिटविल्यावर, ४ मार्च १७९१ रोजी व्हर्मॉन्ट संघराज्यात चौदावे राज्य म्हणून सामील झाले.

३. राज्याचे विभाग

राज्यात १४ काउंट्या आहेत. परंतु काउंटीकडे मुख्यतः न्यायालय, शेरीफ व सरकारी वकील एवढीच कामे आहेत. आपल्या जिल्हा परिषदेप्रमाणे शाळा, दवाखाने व रस्ते सांभाळणारी निर्वाचित सभा तिच्याजवळ नाही. खरा कारभार सुमारे अडीचशे टाउन व थोड्या शहरांकडे आहे. टाउन म्हणजे दाट वस्तीचे नगर नव्हे. एका टाउनच्या हद्दीत एकदोन खेडी, विखुरलेली घरे, शेते, अरण्य व टेकड्या हे सारे येते. आपल्याकडील गाव व त्याचे शिवार एकत्र कल्पिल्यास हा अर्थ मुलांस लवकर उमगेल. सनदांचे चौकोन आखताना कोपऱ्यांत उरलेल्या तुकड्यांस ‘गोर’ म्हणतात. असे काही तुकडे व अगदी विरळ वस्तीची काही टाउन आजही स्वतंत्र स्थानिक शासनावाचून आहेत. मोन्टपेलियर ही राजधानी असून २०२० मध्ये तिची लोकसंख्या सुमारे आठ हजार होती. देशातील राज्यांच्या राजधान्यांत ती सर्वांत लहान होय.

टाउनचे महत्त्व एवढे होते, की १९६५ पर्यंत राज्याच्या प्रतिनिधिगृहात प्रत्येक टाउनचा एक सभासद असे, मग तेथे पन्नास माणसे राहोत वा पस्तीस हजार. सभासदसंख्या २४६ होती. मताचे मोल लोकसंख्येच्या प्रमाणात समान असावे, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिल्यावर ही पद्धत बदलली व गृह १५० सभासदांचे झाले.

४. टाउनची वार्षिक सभा

मार्च महिन्याचा पहिला मंगळवार हा टाउनच्या सभेचा दिवस. सभेची सूचना किमान तीस दिवस आधी लावावी लागते आणि तीत प्रत्येक विषय क्रमाने लिहावा लागतो. सूचनेत नसलेल्या विषयावर बंधनकारक निर्णय घेता येत नाही. पाच टक्के मतदारांनी सह्या केल्यास त्यांचा विषय सूचनेत समाविष्ट होऊ शकतो.

सभाध्यक्षाची निवड प्रथम होते. त्यानंतर तीन किंवा पाच जणांचे कार्यकारी मंडळ, दप्तर सांभाळणारा टाउन क्लार्क, मालमत्तेची आकारणी करणारे इत्यादींच्या निवडणुका होतात. पुढे अंदाजपत्रक येते. रस्त्यावरील हिम काढण्यासाठी नवे यंत्र घ्यावे काय, ग्रंथालयास किती रक्कम द्यावी, अशा प्रश्नांवर कोणीही मतदार उठून बोलू शकतो व रकमेत दुरुस्ती सुचवू शकतो. मत सामान्यतः आवाजी घेतात. पण सात मतदारांनी मागणी केल्यास चिठ्ठीने घ्यावे लागते. आपली ग्रामसभा व ही सभा यांतील मुख्य भेद येथे आहे. पुष्कळ टाउनमध्ये कराची व खर्चाची अंतिम मंजुरी सभाच देते. अर्थात अलीकडे अनेक टाउननी हे विषय दिवसभर चालणाऱ्या गुप्त मतदानाकडे सोपविले आहेत. तेथे मत देणे सोपे झाले. समोरासमोर बसून चर्चा करणे मात्र कमी झाले.

लहान घटकाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नोव्हेंबर १९२७ च्या महापुरात ८० हून अधिक माणसे दगावली व बाराशेहून अधिक पूल वाहून गेले. खोऱ्यांतील टाउनना ते पुन्हा बांधणे शक्य नव्हते. राज्याने कर्ज काढले, संघशासनाने साहाय्य केले आणि प्रमुख रस्त्यांची जबाबदारी पुढे राज्याकडे गेली.

५. शाळेचा भार कोणी उचलावा?

हीच कथा शाळेची आहे. प्रारंभी टाउनमधील प्रत्येक वाडीचा स्वतंत्र शाळाविभाग असे. पालक शिक्षक नेमीत, सरपण पुरवीत व शाळा एका खोलीत भरे. १८८० मध्ये स्त्रियांस शाळेच्या सभेत मत देण्याचा अधिकार मिळाला. परंतु एका वाडीत शाळा चांगली, तर शेजारच्या वाडीत नावापुरती, असे चित्र होते. म्हणून १८९२ च्या कायद्याने वाडीवाडीचे विभाग मोडून संपूर्ण टाउनचा एक शाळाविभाग केला.

तरीही टाउनटाउनमधील विषमता राहिली. शाळेचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ताकरातून होई. बर्फावरील खेळांमुळे जेथे धनिकांची घरे झाली, तेथे अल्प दराच्या करातून भरपूर रक्कम जमे. गरीब टाउनमध्ये जबर कर देऊनही मुलांच्या वाट्यास थोडे येई. फेब्रुवारी १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मुलाच्या शिक्षणाची संधी त्याच्या टाउनच्या श्रीमंतीवर अवलंबून ठेवणे राज्यघटनेशी विसंगत आहे. त्याच वर्षी कायदा होऊन शाळांसाठी राज्यव्यापी मालमत्ताकर आला. धनवान टाउननी त्यास कडवा विरोध केला. पुढे पटसंख्या घटू लागली, तेव्हा २०१५ च्या कायद्याने अनेक टाउन मिळून किमान ९०० विद्यार्थ्यांचे संयुक्त शाळाविभाग करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे काही ठिकाणी लहान शाळा बंद होण्याची भीती निर्माण झाली आणि शाळा गेली तर गाव तरी काय उरणार, असा प्रश्न लोक विचारू लागले. कमी पटाच्या शाळांत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांस हे शब्द ओळखीचे वाटतील.

ज्यांचे विचार आपण अध्यापक-प्रशिक्षणात अभ्यासले, ते जॉन ड्यूई याच राज्यातील बर्लिंग्टन येथे २० ऑक्टोबर १८५९ रोजी जन्मले. लोकशाहीचे मूळ शेजाराच्या जिवंत सहजीवनात असते, असे त्यांनी प्रतिपादिले. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. सहजीवनाचा तो विचार डॉ. आंबेडकरांनीही स्वीकारला, पण १९४८ मध्ये घटनासमितीत बोलताना, गाव हाच राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास त्यांनी ठाम विरोध केला. जवळीक असली म्हणजे न्याय असतोच असे नाही, हे त्यांना भारतीय गावाच्या अनुभवावरून ठाऊक होते. व्हर्मॉन्टचा इतिहासही निराळ्या मार्गाने तेच सांगतो. शाळेवर लक्ष गावाचे असावे. परंतु मुलाच्या हक्काची हमी गावाच्या ऐपतीवर सोडू नये.

६. पाठ घेताना

(अ) फळ्यावर राज्याची सीमारेषा काढून पर्वत, नदी व सरोवर आधी दाखवावे. वस्त्या खोऱ्यांतच का, हे मुलांकडून काढून घ्यावे.

(आ) एक मोठा चौकोन आखून त्याचे समान वाटे पाडावेत व शाळेचा वाटा रंगवावा. त्यावरून टाउनची कल्पना द्यावी.

(इ) वरच्या वर्गात टाउनसभेचा प्रयोग करावा. सूचना आठ दिवस आधी लावावी, विषय वर्गाचे खरे असावेत, सभाध्यक्ष मुलांनी निवडावा आणि मतापूर्वी विरोधी बाजूस बोलू द्यावे. ठरावाची अंमलबजावणी पुढील आठवड्यात झाली की नाही, हेही सभेतच तपासावे.

(ई) शेवटी आपल्या शाळेचा कोणता खर्च ग्रामपंचायत, कोणता जिल्हा परिषद व कोणता राज्यशासन करते, याची यादी मुलांकडून करून घ्यावी. परदेशाच्या भूगोलाचा पाठ अशा रीतीने आपल्या अंगणात येऊन पोहोचेल.