तळव्यांची खाज आणि वारेवरचा भार

सातवा-आठवा महिना लागला की काही जणींच्या तळहातांना, तळपायांना खाज सुटते. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्याला डोळा लागत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, पोट ताणलंय, खोबरेल चोळ. पुष्कळदा ते खरंही असतं. मात्र तळव्यांची अशी खाज यकृताच्या आजाराची असू शकते.

या आजारात यकृतातून पित्त नीट वाहत नाही. गरोदरपणातली वाढती संप्रेरकं आणि काहींच्या बाबतीत जनुकांतला दोष, यांमुळे पित्ताम्लं रक्तात साचतात. आईला मुख्य त्रास खाजेचा; धोका पोटातल्या बाळाला. बाळाचं कोवळं यकृतही पित्ताम्लं बनवतं आणि ती वारेतून आईकडे सोपवतं. आईच्याच रक्तातली पातळी चढली, की पुराच्या नदीनं ओढ्याचं पाणी मागे रेटावं तसा हा निचरा तुंबतो.

वारेच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो? स्पेनमधल्या सालामांकाच्या संशोधकांनी गाभण उंदरांची पित्तनलिका बांधून ते पाहिलं. २००६ साली त्यांनी मांडलं, की वारेत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि पेशींना मरणाकडे ढकलणारं कॅस्पेज-३ हे विकर जोर धरतं. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल या औषधानं ही हानी कमी झाली.

माणसांत मात्र चित्र वेगळं निघालं. इंग्लंड-वेल्समधल्या ६०५ गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीत (२०१९) या औषधानं बाळांवरचं संकट घटलं नाही. म्हणून गोळी सुरू झाली तरी तपासण्या सोडू नयेत.

रिपोर्ट वाचतानाही जपावं लागतं. अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा चढलेला दिसतो, पण शेवटच्या तिमाहीत हे विकर वारही बनवते. त्यावरून यकृताचा निवाडा करता येत नाही. एसजीपीटी हे यकृताचं विकर पाहावं. पित्ताम्लांची तपासणी यकृताच्या नेहमीच्या चाचणीत (एलएफटी) नसते, वेगळी सांगावी लागते.

तिचा आकडाच निर्णायक आहे. २०१९ मध्येच 'लॅन्सेट'नं छापलेल्या विश्लेषणात पातळी लिटरमागे ४० मायक्रोमोलच्या आत असताना मृत जन्माचं प्रमाण ०.१३ टक्के होतं, १०० वा त्यापुढे ३.४४ टक्के. म्हणून १०० ओलांडल्यावर डॉक्टर ३६व्या आठवड्याच्या सुमारास प्रसूतीचा विचार करतात. बाळंतपणानंतर खाज सहसा लवकर ओसरते. पुढच्या खेपेला ती परतण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे नाव नोंदवतानाच डॉक्टरांना हे सांगावं.