आय, मी, माय आणि म्या

समोर एकच माणूस उभा असताना इंग्रजी 'यू आर' का म्हणते? 'आय' सोडला तर 'ही इज', 'शी इज', 'इट इज' असे बाकीचे सगळे एकेकटे 'इज' घेतात. मग एकट्या 'यू'च्या वाट्याला बहुवचनातला 'आर' कसा आला?

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात, घाटाखाली, खानदेशाच्या शिवेजवळ धामणगाव बढे नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांना, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्याच पोरांना, 2000 सालापासून इंग्रजी पहिलीतच भेटते. पुढे कधीतरी 'आय-मी-माय-माइन'चा तक्ता येतो, तो पाठ होतो, आणि 'यू आर'चा प्रश्न विचारायचा राहून जातो. खरं तर त्याचं उत्तर त्यांच्या ओसरीवरच आहे. पाहुणा एकटा आला तरी आपण त्याला 'तुम्ही बसा' म्हणतो, 'तुम्ही आहात' म्हणतो. इंग्रजीचा 'यू' हा मुळात तोच 'तुम्ही' आहे! त्यांच्याकडे 'तू'ही होता: 'दाऊ'. तेराव्या शतकापासून मोठ्या माणसाला आदराने अनेकवचनात बोलवायची रीत फ्रेंचांच्या वळणाने इंग्लंडात पसरली. आधी राजाला, मग मालकाला, मग शेजाऱ्याला. कुणाचा मान राखायचा आणि कुणाचा नाही, ही जोखीम कुणालाच नको होती. सतराव्या शतकापर्यंत रोजच्या बोलण्यात सगळेच 'तुम्ही' झाले आणि इंग्रजीतला 'तू' जवळजवळ संपला. आज इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतो आणि त्याला त्याची गंधवार्ता नसते.

एका शब्दात एवढा इतिहास दडलेला असेल, तर बाकीच्या तक्त्यात काय काय असेल?

आधी सर्वनामाची जादू नीट पाहू. 'सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द' ही व्याख्या आपण घोकतो. पण 'मी' कुणाऐवजी येतो? ग्रामसभेतल्या माइकसारखा आहे तो. ज्याच्या हातात माइक, तो 'मी'. माइक पुढच्याकडे गेला की 'मी' तो झाला आणि आत्ताचा 'मी' एका क्षणात 'तू' झाला. 'टेबल' म्हटलं की टेबलच राहतं, कुणीही म्हणो. 'मी' मात्र दर वाक्यागणिक माणूस बदलतो. लहान मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळे त्याला 'तू' म्हणतात आणि स्वतःला 'मी'. मग तो स्वतःला काय म्हणणार? म्हणूनच दीड-दोन वर्षांची कितीतरी पोरं 'बाळाला पाहिजे' असं स्वतःचं नाव घेऊन बोलतात, काही तर स्वतःलाच 'तू' म्हणतात. आणि मग कुणीही न शिकवता, तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे, हा फिरता शब्द त्यांना नेमका पकडता येतो. व्याकरणातलं याहून अवघड काम मला तरी दिसत नाही, आणि ते शाळेत जाण्याआधीच उरकलेलं असतं.

आता 'आय-मी-माय'कडे या. इंग्रजीत पर्सनल प्रोनाउन म्हणतात ते हे, आपले पुरुषवाचक. 'आय' कर्ता, 'मी' कर्म, 'माय' मालकी. ही तर सरळसरळ विभक्ती झाली! मी, मला, माझा. जुन्या इंग्रजीत प्रत्येक नामाला विभक्ती होती. दगड, राजा, गाय, सगळ्यांची रूपं वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलायची. मधल्या काही शतकांत ती रूपं झिजून गेली. आज इंग्रजीत 'किंग' कर्ता असो वा कर्म, 'किंग'च राहतो. सर्वनामांनी मात्र हार मानली नाही. 'ही-हिम-हिज', 'हू-हूम-हूज' ही त्या बुडालेल्या विभक्तीची वर राहिलेली टोकं आहेत. धामणगाव बढे गावातलं पोर 'म्या, मले, माह्यं' हे अंगणात शिकून आलेलं असतं. इंग्रजीतला जो भाग त्याच्या बोलीच्या घडणीशी सगळ्यात जास्त जुळतो, तोच आपण त्याला परका तक्ता म्हणून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि या 'मी'ची गंमत तर पुढेच आहे. इंग्रजीतला 'मी' म्हणजे 'मला'. आपला 'मी' म्हणजे कर्ता. उच्चार तोच, अर्थ वेगळा. योगायोग? मुळीच नाही! संस्कृतात 'अहम्' म्हणजे मी आणि 'मया' म्हणजे माझ्याकडून. मराठीने 'अहम्' टाकला. (शेजारच्या गुजरातीने ठेवला, त्यांचा 'हुं' म्हणजे तोच.) आपला 'मी' हा 'मया'चा वंशज आहे, म्हणजे त्याच्या पोटात 'माझ्याकडून' लपलेलं आहे. पुरावा हवा? 'त्याने पोळी खाल्ली', 'आईने पोळी खाल्ली', पण 'मीने' असं कधी ऐकलंय? लागतच नाही, कारण 'ने' त्यात मुळातच मुरलेला आहे. म्हणूनच 'मी पोळी खाल्ली' आणि 'मी आंबा खाल्ला' यात क्रियापद माझ्याकडे पाहत नाही, ते पोळीचं आणि आंब्याचं लिंग घेतं. जुन्या मराठीत हे रूप 'मियां' असं येतं. आणि वऱ्हाडातली आजी 'म्या पाह्यलं' म्हणते तेव्हा ती 'मया'च्या आपल्या सगळ्यांपेक्षा जवळ उभी असते. त्या 'म्या'ला अशुद्ध म्हणणाऱ्याने हा प्रवास एकदा पाहावा.

इंग्रजीच्या 'मी'मधला 'म' आणि आपल्या 'मी'मधला 'म' एकाच मुळाचा. कर्त्यासाठी एक शब्द आणि बाकी सगळ्या कामांना 'म', ही जोडी हजारो वर्षांपूर्वीच्या, या दोन्ही भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतच होती. 1786 साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच घरच्या असाव्यात असं जाहीर सांगितलं, तेव्हापासून ही नाती उलगडत गेली. आणखी एक पाहा. इंग्रजीतही दार ठोठावणारा 'इट इज आय' म्हणत नाही, 'इट्स मी' म्हणतो. 'यू'सुद्धा पूर्वी फक्त कर्माचं रूप होतं, कर्त्यासाठी 'यी' होता. दुसऱ्याच कामासाठीचा शब्द हळूच कर्त्याच्या जागी येऊन बसतो, हे इंग्रजीत घडलं आणि मराठीतही घडलं, एकमेकींना न विचारता.

पण सगळ्यात मोठा नजारा दिसतो तो प्रश्नार्थक, दर्शक आणि संबंधी या तीन प्रकारांना शेजारी उभं केल्यावर. इंग्रजीत इंटरॉगेटिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, रिलेटिव्ह. मराठीत कोण, काय, केव्हा, कुठे: सगळीकडे 'क'. तो, तेव्हा, तिथे, तसा: सगळीकडे 'त'. जो, जेव्हा, जिथे, जसा: 'ज'. आता इंग्रजी म्हणा. हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर. दॅट, देन, देअर. स्पेलिंगात पहिल्या रांगेला डब्ल्यू-एच, दुसऱ्या रांगेला टी-एच. तीच मांडणी! आणि नातंही रक्ताचं. मूळ 'क'चा इंग्रजीकडच्या शाखेत 'ह' झाला. 'व्हॉट' जुन्या इंग्रजीत 'ह्वॅट' असाच होता. मूळ 'त'चा 'थ'कडे झुकलेला उच्चार झाला, म्हणून आपला 'तो' आणि त्यांचा 'दॅट', आपला 'तू' आणि त्यांचा हरवलेला 'दाऊ', दोघांच्याही स्पेलिंगात टी-एच. मूळ 'द'चा 'ट' झाला: 'दोन'चा 'टू', 'दहा'चा 'टेन'. हा बदल इतका नियमाने झाला की याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 1822 साली त्याचं सूत्र मांडलं. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिमबंधूंपैकी थोरला तो हाच.

'ज'ची रांग मात्र इंग्रजीत नाही. 'जो अभ्यास करेल तो पास होईल' या वाक्यात 'जो' वाट दाखवतो आणि 'तो' पोचवतो. इंग्रजी हे काम प्रश्नार्थकाकडूनच करून घेते: 'द बॉय हू...' म्हणजे शब्दशः 'मुलगा, कोण...'. आपल्या मुलांना रिलेटिव्ह प्रोनाउन अडतो तो बहुधा इथेच. त्यांना 'जो'चा वेगळा शब्द हवा असतो आणि समोर येतो 'कोण'.

'समवन', 'नोबडी', 'ईच', 'ईच अदर' हे इनडेफिनिट, डिस्ट्रिब्युटिव्ह आणि रेसिप्रोकल प्रकार फारसे छळत नाहीत. कोणीतरी, कोणीच नाही, प्रत्येक, एकमेकांना, एवढं कळलं की गाडी पुढे जाते. 'माय' आणि 'माइन'चं तेवढं सांगायला हवं. ते पूर्वी एकच होते. पुढे स्वर आला तर 'माइन', व्यंजन आलं तर 'माय', जसं आज 'अ' आणि 'अॅन'चं आहे. पुढे दोघांनी कामं वाटून घेतली: नामाआधी 'माय', एकट्याने उभं राहायचं तर 'माइन'. 'इट्स' हे मालकीचं रूप तर अगदी अलीकडचं. 1611 साली छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या मूळ छपाईत ते एकदाही आलेलं नाही. निर्जीव वस्तूलाही तिथे बहुतेक 'हिज'च लागतं.

आता 'दे', 'देम', 'देअर'. हे इंग्रजीचे नाहीतच! सर्वनामं भाषा सहसा उसनी घेत नाहीत. भांडी, कपडे, कायदे यांचे शब्द येतात-जातात, 'ते' आणि 'त्यांना' घरचेच राहतात. पण नवव्या शतकापासून व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन स्थायिक झाले, शेजारी झाले, सोयरे झाले. जुन्या इंग्रजीत 'तो', 'ती', 'ते' यांची रूपं झिजून एकमेकांत मिसळायला लागली होती. 'हिम' म्हणजे 'त्याला' की 'त्यांना' हेच कळेना. तेव्हा शेजाऱ्यांचा स्वच्छ वेगळा शब्द उचलला गेला. मूळचा 'हेम' गेला कुठे? बोलण्यात 'देम'चा 'एम' होतो असं आपण समजतो ना, तो बहुतेक तुटलेला 'देम' नसून जगलेला 'हेम' आहे.

आत्मवाचक सर्वनामांत मराठीने इंग्रजीला मागे टाकलंय असं माझं ठाम मत आहे. 'मायसेल्फ', 'हिमसेल्फ' हे रिफ्लेक्झिव्ह. जोर द्यायला आले की एम्फॅटिक. आपल्याकडे 'स्वतः' आहे आणि 'आपण' आहे. हा 'आपण' निघाला 'आत्मन्'मधून. आत्म्यापासून निघालेला शब्द आधी 'स्वतः' झाला, मग समोरच्याला आदराने हाक मारायला लागला आणि शेवटी 'तू आणि मी, दोघं मिळून' असा झाला. 'आम्ही जेवायला बसतोय' आणि 'आपण जेवायला बसू' यातला फरक दारात उभ्या माणसाला विचारा! पहिल्या वाक्यावर तो निघतो, दुसऱ्यावर हात धुवायला जातो. इंग्रजी दोन्हीला 'वी'च म्हणते. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद संस्कृतात नव्हता. तेलुगूत आहे, तमिळमध्ये आहे. द्राविड शेजारातून तो आपल्याकडे आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

'वी'मध्ये इंग्रजीने आणखी एक गोष्ट गमावली. जुन्या इंग्रजीत 'आम्ही दोघं' यासाठी वेगळा शब्द होता, 'विट'. 'तुम्ही दोघं' यासाठीही होता. संस्कृतातला 'आवाम्' तसाच. तेराव्या शतकाच्या सुमारास 'विट' इंग्रजीतून गेला. आणि इथे बुलढाणा जिल्ह्यातच, धामणगाव बढेच्या ईशान्येला, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी काही वस्त्यांमध्ये निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. कोरकूतून, मराठीतून, इकडून-तिकडून तिने इतके शब्द घेतलेत की तिचा स्वतःचा साठा फार थोडा उरलाय, आणि तरीही जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. तिथे स्वतःला 'जो' म्हणतात, समोरच्याला 'ने'. आणि तिथली दोन माणसं मिळून 'आम्ही' म्हणतात तेव्हा त्यासाठी निहालीत आजही वेगळं सर्वनाम आहे. तिसरा माणूस आला की ते बदलतं.