संगणकाची बारी

वाचकहो, केमच्या कुंकवाचे नाव महाराष्ट्रभर आहे. समजा, हळकुंडांची दहा पोती दळायची आहेत. एका चक्कीला दहा तास लागत असतील, तर दहा चक्क्यांवर तासाभरात काम उरकते. संशोधनातले मोठे गणितही असेच अनेक संगणकांत वाटून देता येते. एकमेकांना जोडलेल्या अशा संगणकांच्या समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात. सगळीच कामे मात्र वाटता येत नाहीत. दहा माणसे बसवली म्हणून विरजण काही लवकर लागत नाही!

पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक कामाच्या अशाच वाटणीवर उभा केला. पुढे १९९४ साली अमेरिकेत स्टर्लिंग आणि बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह तयार केला. तेव्हापासून ही सोय विद्यापीठातल्या लहान विभागाच्याही आवाक्यात आली.

आता तो वापरायचा कसा? प्रवेशद्वारासारखा एक संगणक असतो. तिथे फक्त आपले काम नोंदवायचे. मोठे गणित तिथेच सुरू केले, तर दारात बैलगाडी सोडल्यासारखे होते. सगळ्यांचीच वाट अडते. नोंदवलेले काम बारीला लागते. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखीच ही बारी. फरक एवढाच की तिची व्यवस्था ‘स्लर्म’सारखी संगणकप्रणाली पाहते.

नोंदवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: संगणक किती हवेत आणि वेळ किती. इथे पुष्कळजण चुकतात. तासाभराच्या कामाला चार दिवस मागितले, तर बारी लांबते. पोत्यात भोपळे भरल्यावर फटींत शेंगा बसतात, तशी लहान कामे मोठ्या कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात बसवली जातात. वेळ कमी सांगितला, तर मुदत संपताच काम अर्ध्यावर बंद पडते. म्हणून आधी थोड्या माहितीवर काम चालवून पाहावे आणि त्या अंदाजाला थोडी सवड जोडून वेळ मागावा.

व्यवस्थापकाचे काम पाटकऱ्यासारखे. पाणी त्याचे नव्हे, पण ते शेवटच्या शेतापर्यंत पोचवायची जबाबदारी त्याची. ज्याने अलीकडे फार वापर केला त्याला थोडे मागे ठेवणे, नव्याला पुढे घेणे, बिघडलेला संगणक बारीतून बाजूला काढणे, खोली थंड राखणे, हे सारे त्याने पाहायचे. कामापुरती दिलेली साठवणीची जागाही तो ठरल्या वेळी रिकामी करतो. तेव्हा आपल्या निष्कर्षांची दुसरी प्रत आपणच वेगळी ठेवावी. नाही तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते.

शिक्षकहो, तुमचा एखादा विद्यार्थी केमच्या स्टेशनावरून पुण्याला शिकायला निघाला, तर त्याला एवढे जरूर सांगा: यंत्र सगळ्यांचे आहे, लागेल तेवढेच माग, आणि काम झाले की जागा मोकळी कर.