माझा एक हात सांगलीला असतो

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातले सगळे ‘वीकेंडचा प्लॅन काय?’ असं विचारत असतात, तेव्हा मी बोहरी आळीतली दुकानं बंद व्हायच्या आत ड्रॉवरचं चॅनेल कसं मिळवायचं, या टेन्शनमध्ये असते. होय, ड्रॉवरचंच चॅनेल. माझा रोबो त्याचाच बनलाय.

झालं असं, की आई गेल्यापासून बाबा सांगलीत एकटे. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव, नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव. मी चालायच्या आधी घोड्याची चाल शिकले असेन. पुण्याला नोकरी लागल्यावर आमचा डाव फोनवर सुरू झाला. मोबाइलवर खेळायला बाबांचा साफ नकार. पट लाकडाचाच हवा. मी चाल सांगायची, ते माझी सोंगटी हलवायचे. मग एके दिवशी म्हणाले, ‘‘दोन्हीकडून मीच हलवतो गं. स्वतःशीच खेळल्यासारखं वाटतं.’’ त्यानंतर आठवडाभर फोनवर डावाचं नावच नाही.

मी कामाने सॉफ्टवेअर टेस्टर. स्क्रू-ड्रायव्हर धरायचा तो फक्त लाफ्टर क्लबच्या स्पीकरचा सेल बदलायला. पण डोक्यात बसलं ते बसलंच: पटाच्या पलीकडे, मी बसायचे त्या जागी, माझा हात हवा.

डिझाइन कागदावर फारच सोपं वाटलं. खांदा-कोपर-मनगट अशी सर्कस कशाला? बेस गोल फिरेल आणि हात लांब-आखूड होईल, एवढ्याने पटावरचं कुठलंही घर गाठता येतं. 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागलेल्या युनिमेटचा हातसुद्धा असाच आत-बाहेर सरकणारा होता, हे वाचून माझी कॉलर ताठ. माझं सगळ्यात जवळचं घर 14 सेंटिमीटरवर, सगळ्यात लांबचा कोपरा 48 वर. चौदा इंची टेलिस्कोपिक चॅनेल बरोब्बर पुरतं.

मग गणिताने दणका दिला. स्टेपर मोटर एका पावलात 1.8 अंश फिरते. ऐकायला किती नाजूक! पण 48 सेंटिमीटरवर त्याचे होतात दीड सेंटिमीटर, म्हणजे एका घराचा तिसरा हिस्सा. हात जितका लांब, तितकी खांद्याची चूक बोटाशी मोठी. म्हणून तापकीर गल्लीतून प्लॅस्टिकचे गिअर आणले, तर त्यांच्या दात्यांमध्येच फट! एक अंशाची फट म्हणजे टोकाला आठ मिलिमीटर. माझा उंट दोन घरांच्या मधोमध उभा राहायचा, सिग्नलवरच्या रिक्षासारखा. शेवटी दात्यांचा पट्टा लावला, 20 दात्यांची पुली मोटरवर, 80 ची बेसला. एक पाऊल चार मिलिमीटरच्या आत आलं. त्याचेही ड्रायव्हरने सोळा तुकडे केले. कागदावर पाव मिलिमीटर. कागदावर! प्रत्यक्षात दोन-तीन समजा. आणि एक युक्ती, जी मला फार उशिरा सुचली: प्रत्येक घरावर नेहमी डावीकडूनच यायचं, म्हणजे उरलीसुरली फट दर वेळी एकाच बाजूला दाबली जाते.

तरी खरा शत्रू वेगळाच. वजन! सरकवणारी मोटर मी आधी हाताच्या टोकाला लावली होती. तीनशे ग्रॅमची ती बया, हात पूर्ण लांब झाला की टोक मान टाकायचं. तेवढ्याच वजनाला लांबी दुप्पट झाली तर वाकणं आठपट होतं, हे मी कॉलेजात पाठ करून विसरले होते. 1981 मध्ये अवकाशात गेलेला कॅनडार्म पंधरा मीटर लांब होता, पण पृथ्वीवर त्याला स्वतःचंही वजन उचलवत नव्हतं, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. मोटर मागच्या बाजूला नेली, तीच तोलाला आली. आणि चॅनेल? ते मी आडवं झोपवलं होतं. एक सुतारकाका हसत म्हणाले, ‘‘ताई, ड्रॉवरला ते उभं असतं ना!’’ उभ्या दोन चॅनेलची जोडी केली आणि अकरा मिलिमीटरचा झोल चारवर आला.

चारही जास्तच. टोकाला छोटं इलेक्ट्रोमॅग्नेट आहे, सोंगट्यांच्या डोक्यावर वॉशर चिकटवलेत. हात चार मिलिमीटर खाली आला, की वाटेतल्या राजाला टप्पल मारायचा. मी सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा तक्ता बनवायला बसले, दोन रविवार घालवले.

दिवाळीत हात घेऊन सांगलीला गेले. बाबांनी त्याच्याकडे एखाद्या स्थळाकडे पाहावं तसं पाहिलं. राजा दोनदा पडला. ते काही बोलले नाहीत. आत गेले, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आणला, दोन घड्या घातल्या आणि बेसच्या पुढच्या पायाखाली सरकवला. हात लांब होईल तसं टोक थोडं वर चढायला लागलं. माझा तक्ता गेला तेल लावत.

काल रात्री नऊचा फोन. मी म्हटलं, ‘‘हत्ती, ए दोन.’’ आणि इकडून बटण दाबलं. पलीकडे घर्रर आवाज, मग लाकडावर टक्.

‘‘तीन मिलिमीटर डावीकडे पडलाय,’’ बाबा म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली.

‘‘बाबा?’’

‘‘थांब गं. विचार करू दे.’’