एका तालुक्यातील दोन नगरे: लोणावळा आणि तळेगाव

2011च्या जनगणनेत लोणावळा नगरपरिषदेची लोकसंख्या 57,698 आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषदेची 56,435 नोंदली गेली. मावळ तालुक्यातील, एकाच लोहमार्गावरील ही दोन नगरे या आकड्यांत जुळी भासत असली, तरी 2001मध्ये लोणावळ्यात सुमारे साडेपंचावन्न हजार आणि तळेगावात साडेबेचाळीस हजार माणसे राहत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र पालटते. दशवार्षिक वाढ, म्हणजे दहा वर्षांत भर पडलेल्या लोकसंख्येचे आधीच्या लोकसंख्येशी असलेले प्रमाण, लोणावळ्यात 4 टक्क्यांहूनही कमी, तर तळेगावात 32 टक्क्यांच्या घरात भरते.

या तफावतीचे श्रेय एकीकडच्या पर्यटनाला आणि दुसरीकडच्या कारखानदारीला देण्याचा प्रघात असला, तरी मूळ प्रश्न जमिनीचा आहे. घाटमाथ्यावरील लोणावळ्याला एका बाजूने दरी आणि वनजमीन, तर दुसऱ्या बाजूने नौदलाचा आयएनएस शिवाजीचा परिसर आणि टाटांचे वळवण, शिरवता व लोणावळा हे जलाशय यांनी वेढले आहे. या जलाशयांचे पाणी पूर्वेकडे वाहत न जाता घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि तेथील वीज 1915पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. 1863मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्याने मुंबईशी जोडले गेलेले हे नगर तेव्हापासून आपली हवा, पाणी आणि जमीन मुंबईच्या गरजांसाठी वापरू देत आले आहे. तळेगावची जमीन त्या मानाने सपाट आणि पाऊसही बराच कमी. येथे 1908मध्येच पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता, आणि पुणे-लोणावळा लोकलमुळे पिंपरी-चिंचवडला रोज कामाला जाणाऱ्या कुटुंबांना येथे घर करणे सोयीचे झाले.

याहून महत्त्वाची विसंगती नगरपरिषदांच्या हद्दीत दडलेली आहे. तळेगावची म्हणून ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत प्रत्यक्षात नवलाख उंबरे, आंबी, मंगरूळ या गावांच्या शिवारात आहे, त्यामुळे तेथे राबणाऱ्या अनेकांच्या घरांना पाणी, रस्ते आणि गटारे पुरवण्याचा भार नगरपरिषदेवर पडतो, पण कारखान्यांच्या मालमत्तेवरील कर तिच्या तिजोरीत येत नाही. लोणावळ्यात नेमके उलट घडते. तेथील बंगले हद्दीत असून त्यांची घरपट्टीही नगरपरिषदेला मिळते, मात्र मालकांची गणना मुंबई-पुण्यात होते. आणि वित्त आयोगाचे अनुदान प्रामुख्याने लोकसंख्येवर ठरत असल्याने पावसाळ्यातील शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे लोटणाऱ्या गर्दीचा कचरा उचलण्यासाठी गावाच्या हिशेबात कायमच्या रहिवाशांपुरतेच पैसे धरलेले असतात.

दोन्हींची उत्पन्ने अस्थिर आहेत, पण अस्थिरतेची जात वेगळी आहे. जनरल मोटर्सने 2020च्या अखेरीस तळेगावच्या कारखान्यातील वाहननिर्मिती थांबवली तेव्हा कायम कामगारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि हा कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार 2023मध्ये झाला. लोणावळ्यातील हॉटेल, टॅक्सी आणि चिक्कीच्या धंद्यात असा एका दिवशी टाळे लागण्याचा प्रसंग टाळेबंदीसारख्या काळातच येतो, मात्र तेथील पुष्कळ रोजगार हंगामी असल्याने मंदीची झळ कोणत्याही कामगार-करारात उमटत नाही. या दोहोंत तळेगावची अस्थिरता निदान मोजता येते, वाटाघाटीत मांडता येते, ही तिची जमेची बाजू म्हणावी लागेल.

2021ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भक्षण 1 मार्च 2027 रोजीच्या मध्यरात्रीचा, म्हणजे रविवार संपून सोमवार लागतानाचा आहे. शिवाय माणूस त्याच्या नेहमीच्या निवासस्थानीच मोजला जात असल्याने घाटमाथ्यावरचे बंगले याही वेळी घरांच्या यादीत येतील, माणसांच्या नाही.